कमरेचं घड्याळ

अमेरिकेत कमरेला पिस्तूल लपवून फिरणाऱ्याला भीती चोराची असेल, असं मला वाटायचं. टेक्सासात तर २०२१ पासून त्यासाठी परवानाही लागत नाही. पण या मंडळींचं लिखाण वाचलं की कळतं, त्यांचा खरा वैरी म्हणजे खुर्ची.

पिस्तूल कुठे खोचायचं हे तिथे घड्याळाच्या हिशेबात सांगतात. बेंबीशी बारा, उजव्या कुशीला तीन, पाठीच्या कण्यावर सहा. तीनला हात चटकन पोचतो, पण सदरा फुगतो. चारला नीट लपतं, मात्र बुटाची नाडी बांधायला वाकलात की मूठ डोकं वर काढते. सहाला ठेवून पाठीवर आपटलात तर मणक्याचं काही खरं नाही. हल्ली चलती आहे ती एकची. उभ्याने झकास! बसल्यावर नळीचं तोंड कुठे रोखलेलं असतं हे लक्षात घेता, मी तरी आयुष्यभर उभाच राहीन. शिवाय पोट वाढेल तशी एक वाजण्याची जागा पुढेपुढे सरकते, ते वेगळंच.

उपसण्याचीही रीत आहे. डाव्या हाताने सदरा थेट छातीपर्यंत ओढायचा, उजव्याने मूठ पहिल्या झटक्यात पक्की धरायची, बोट चापापासून लांब, पिस्तूल सरळ वर. छातीशी दोन्ही हात जुळले की पुढे. सरावलेला माणूस हे दीड-दोन सेकंदांत उरकतो. परत ठेवताना मात्र सावकाश, कारण सदऱ्याचं टोक चापात अडकलं की गोळी स्वतःच्याच मांडीत. वायट अर्पसारख्या नामांकित पोलिसाचं रिव्हॉल्व्हर १८७६ च्या जानेवारीत विचिटामध्ये तो नुसता बसलेला असताना म्यानातून निसटलं, घोडा खुर्चीवर आदळला आणि गोळी त्याच्याच कोटातून आरपार गेली. पुन्हा खुर्चीच!

आणि नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली, अंधारात चमकणारी माशी. तिच्यात काचेच्या चिमुकल्या नळीत ट्रिटियम वायू असतो. आतला लेप त्याच्यामुळे उजळतो, बॅटरी लागत नाही. पण सव्वाबारा वर्षांत ट्रिटियम निम्मा उरतो, म्हणजे पिस्तुलाला चाळिशी बाराव्या वर्षीच लागते. मालकाला त्याच सुमारास हाताच्या अंतरावरची माशी धूसर दिसू लागलेली असते, म्हणून पुढच्या ठिपक्याभोवती भडक नारिंगी कडं असलेली घ्यावी. मागचे दोन ठिपके मिणमिणते किंवा काळेच बरे. तिन्ही सारखे चमकले तर घाईत पुढचा कोणता ते कळत नाही.

गंमत पुढेच आहे. मिट्ट काळोखात ठिपके दिसतात, समोरचा माणूस दिसत नाही. तो चोर आहे की रात्रीचा सिनेमा पाहून चोरपावलांनी परतलेला चिरंजीव, हे ठरवायला टॉर्च हवाच. टॉर्च लावला की माशी उजेडापुढे काळीकुट्ट दिसते आणि ट्रिटियमची चमक फुकट. राहता राहिली तिन्हीसांज. शंभरेक डॉलर मोजून ठिपके बसवून झाले. आता दरोडेखोराने तेवढं दिवेलागणीला यायचं मनावर घ्यायला हवं.