कळलावी

श्रावणात कोकणातल्या कुंपणांवर एक फूल अक्षरशः पेटलेलं असतं. मान खाली, पण सहाही पाकळ्या उलट्या मुरडून वर उसळलेल्या. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग लालभडक. कुठलंही भांडण याच क्रमाने रंगत जातं. पानांची टोकं तारेसारखी वळतात आणि शेजारच्याला धरून वर चढतात. स्त्रीकेसर तर फुलातून काटकोनात बाहेर वळतो. समोरच्याशी बोलताना कान दुसरीकडे असणारी माणसं अशीच उभी राहतात.

संस्कृतात ही अग्निशिखा. तमिळनाडूचं हे राज्यफूल, झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथला ऱ्होडेशियातल्या शाळकरी मुलांनी हिऱ्यांचा ब्रोच दिला, तोही याच फुलाच्या घडणीचा. आणि आपण हिला हाक मारतो कळलावी! म्हणजे नारदमुनी आणि प्रत्येक चाळीतल्या किमान एका काकूंच्या पंक्तीला बसवून मोकळे.

जाणकार सांगतात, ही कळ भांडणाची नव्हेच. अडलेल्या बाळंतिणीला हिच्या कंदाचा लेप लावून कळा आणत, म्हणून कळलावी. कंद जहरी, पोटात गेला तर जिवावर बेतायचं. त्यामुळे लेपावरच थांबलेलं बरं. बचनाग हेही हिचंच एक नाव, आणि हिमालयातल्या एका वेगळ्याच विषारी झाडाचंही. एकाच नावाचे दोन आरोपी असले की पंचनाम्याची काय मजा होत असेल!

पण आमच्या आत्याला हे पटत नाही. हे फूल घरात आणलं की भांडण लागतं, असं तिचं ठाम मत. तिच्या घरी फुलाशिवायही बऱ्यापैकी लागतं, ती गोष्ट वेगळी. गौरी आल्या की मात्र हीच कळलावी ‘गौरीचे हात’ होऊन मानाने उंबरठा ओलांडते. तेव्हा आत्या काही बोलत नाही. घरात दोन्ही जावा आलेल्या असतात, फुलावर संशय घ्यायला सवड कुणाला?

यंदा आतोबांचा पायाचा अंगठा टम्म सुजला. डॉक्टरांनी गाऊट म्हटलं आणि कोल्चिसिनच्या गोळ्या दिल्या. हे कोल्चिसिन कळलावीच्या बियांतूनही काढतात. तमिळनाडूत त्यासाठी तिची रीतसर शेती होते. आतोबांची कळ थांबली. आता गोळीचं हे कुळ आत्याला सांगायचं की नाही, यावरून घरात दोन तट पडलेत आणि जावा एकमेकींशी बोलत नाहीत.