कागदाच्या गावात कागदमुक्ती

नेपानगरात राहून कागदाला नावं ठेवायची म्हणजे पंढरपुरात राहून बुक्क्याला नाक मुरडायचं. 1956 साली नेहरूंच्या हस्ते इथली वर्तमानपत्री कागदाची गिरणी सुरू झाली आणि 1981 पर्यंत देशात तसा कागद काढणारी दुसरी गिरणी नव्हती. आमचं गावच तिच्यासाठी वसलं. अशा गावात भाचा आला, घरून काम करायला. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीत आहे.

सकाळी नऊला तो मोबाइल तोंडासमोर धरून डोळे मिचकावतो, मान डावीकडे वळवतो, उजवीकडे वळवतो. आईला वाटलं, पोराला वारं गेलं. तर ती हजेरी! समोर माणूस आहे की माणसाचा फोटो, याची ॲपला खात्री हवी असते. मग निरोप येतो, 'आपण कार्यालयाच्या हद्दीबाहेर आहात.' घरून काम करायची परवानगी देणारं पोर्टल वेगळं, हजेरीचं वेगळं आणि दोघांचं बोलणं बंद. अगदी भाऊबंदकी.

त्यानंतर एचआर विचारतं, 'आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे. एकदा यानं खरं सांगून रडका चेहरा दाबला, तर तणावमुक्तीच्या वेबिनारला बसवलं. रात्री आठ वाजता, कॅमेरा चालू ठेवून. तेव्हापासून अख्खी कंपनी रोज नऊ वाजून दोन मिनिटांनी आनंदी होते.

मध्यंतरी यांना एक कट्टाही काढून दिला होता. फेसबुकनं 2016 साली ऑफिसांसाठी 'वर्कप्लेस' आणलं आणि 2024 मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, त्याच जातकुळीतला. कट्ट्यावर साहेब येऊन बसले की बाकीचे उठतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एचआरनं मात्र कट्टा बांधून पहिल्यांदा साहेबांनाच बसवलं. लोक तिथं अंगठे उमटवायचे आणि गप्पा मारायला व्हॉट्सॲपच्या गटात जायचे. त्या गटात एचआरची एक मुलगी निघाली, म्हणून आणखी एक गट निघाला. सध्या चौथा चालू आहे म्हणे.

पण माझं डोकं फिरलं ते मेलच्या शेपटावर. 'झाडं वाचवा, गरज असेल तरच प्रिंट काढा.' अरे, आमची गिरणी सलई आणि बांबूवर चालायची त्याला जमाना झाला! 2016 साली बंद पडलेलं तिचं उत्पादन 2022 च्या ऑगस्टात पुन्हा सुरू झालं, ते रद्दीच्या जिवावर. आता तुम्ही प्रिंट काढल्या नाहीत, तर तिनं खायचं काय?

ही काळजी व्यर्थ होती. वार्षिक मूल्यमापन आलं. पोर्टलवर भरायचं, उतरवून घ्यायचं, छापायचं, पानोपानी सही करायची, स्कॅन करून पुन्हा चढवायचं. चोवीस पानं. गल्लीतला झेरॉक्सवाला अदबीनं म्हणाला, "भैया, ये पेपरलेसवाली फाइल एक तरफ छापूँ या दोनों तरफ?"

सतरावं पान तिरकं स्कॅन झालं म्हणून पोर्टलनं सगळं परत पाठवलं. दुसऱ्यांदा छापलं, चढवलं. मी दोन्ही गठ्ठे उचलून रद्दीच्या ढिगाकडे निघालो, तोच आतून भाचा ओरडला,

"मामा, टाकू नका! मूळ प्रती कुरियरनं पाठवायच्यात."