साठ लिटरचे दादा

पळस्पे फाट्यावरची जमीन कधी गप्प बसत नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता, गोव्याचा रस्ता आणि उरणच्या बंदराकडून येणारा कंटेनरांचा रस्ता, तिघांची गाठ इथंच पडते. चाळीस फुटी कंटेनर घेतलेला ट्रेलर गतिरोधकावरून उतरला की आसपासच्या घरांतल्या काचा हलतात, मांडणीवरचं झाकण वाजतं आणि पाहुणा दचकतो. घरचे लोक "गेला" एवढंच म्हणून पुढचा घास घेतात. आमचे शेजारी दादा मात्र बोलता बोलता थांबतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "तीस हर्ट्झ. त्याच्या खालचं पळस्प्यात अजून कुणी ऐकलेलंच नाही."

ते ऐकवायची जबाबदारी दादांनी स्वतःहून अंगावर घेतली आहे. त्यासाठी ते घरच्या घरी सबवूफर, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांचा स्पीकर, बांधताहेत. 'बांधताहेत' हा वर्तमानकाळ चालू आहे आणि चालूच राहील.

दादांचं नाव कशाला हवं? असा एक इसम प्रत्येक गावात असतो. कुठं तो दुर्बिणीची भिंगं घासतो, कुठं जुनी मोटरसायकल उघडून बसतो. आमच्याकडं तो वूफर करतो. पन्नाशी ओलांडलेली, शर्टाच्या खिशात टेप, टेस्टर आणि दोन पेनं. निळं पेन अंदाजपत्रकाला, लाल पेन त्यात दुरुस्ती करायला. लाल रिफिल महिन्याला बदलावी लागते. नोकरी कंटेनर यार्डात, हिशेबाच्या टेबलावर. त्यामुळं घनफळ हा दादांचा श्वास. "वीस फुटी कंटेनरात तेहेतीस घनमीटर जागा असते," ते सांगतात, "माझ्या पेटीला लागतात साठ लिटर. म्हणजे एका कंटेनरात साडेपाचशे वूफर राहतील! आणि एवढ्या मोठ्या घरात एकाला जागा नाही?"

"मग कंटेनरातच जा राहायला," वहिनी आतून म्हणतात.

दादांची एक लांबोडकी वही आहे. तिच्या पहिल्या पानावरचं अंदाजपत्रक एखाद्या सहकारी पतपेढीनंही डोळे मिटून मंजूर करावं असं आहे. ड्रायव्हर, म्हणजे नुसता शंकू, चुंबक आणि गुंडाळी असलेला स्पीकर, ५,००० रुपये. अ‍ॅम्प्लिफायर ५,०००. पेटीचं प्लायवूड आणि सुताराची मजुरी ३,५००. वायर, टर्मिनल, गोंद, स्क्रू ५००. अडीअडचण १,०००. एकूण १५,०००, खाली दोन रेघा.

दुसऱ्या पानापासून लाल पेन सुरू होतं. ठरला होता आठ इंची ड्रायव्हर. पण आठ इंचीच्या शंकूचं क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंटिमीटर आणि दहा इंचीचं ३३०. दोन इंच वाढले की दीडपट हवा हलते, मग दहा इंची का नको? बारा इंचीचं भरतं ४८०. आता दहावर थांबणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी, असं दादांचं लाल पेन सिद्ध करतं. शिवाय नुसतं क्षेत्रफळ काय कामाचं? शंकू पुढं-मागं किती सरकतो तेही बघायला हवं. जास्त सरकणाऱ्याला मोठं चुंबक लागतं, आणि मोठ्या चुंबकाला मोठी किंमत. प्रत्येक पायरीचं गणित बिनचूक. अशा बिनचूक पायऱ्या चढत चढत ड्रायव्हर १४,००० वर पोचला. अ‍ॅम्प्लिफायरपुढं 'पुढच्या बोनसला' असं लिहिलं गेलं, पेटीपुढं 'नंतर बघू'. पहिल्या पानावरचा एकच आकडा जसाच्या तसा टिकला: अडीअडचण १,०००.

या सगळ्याला दादा निसर्गाला जबाबदार धरतात, आणि त्यात तथ्य आहे. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, म्हणजे ४० हर्ट्झवरून २० वर, तर चौपट हवा ढकलावी लागते. बेस गिटारची सर्वांत जाड तार वाजते ४१ हर्ट्झला. पियानोची डावीकडची शेवटची पट्टी साडेसत्तावीसला. माणसाचा कान साधारण विसाला हात टेकतो. म्हणजे संगीत जवळपास सगळं संपतं तिथून खरा खर्च सुरू होतो. दादांचा जीव नेमका त्या शेवटच्या दहा हर्ट्झांत अडकलेला आहे. आणि स्वतः ऐकतात काय? बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या! विजेच्या मायक्रोफोननं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झालं. त्याआधीच्या भोंग्यातून भरलेल्या तबकडीत खालचे स्वर शिरलेलेच नाहीत. तिथं २० हर्ट्झ शोधणं म्हणजे उपासाच्या ताटात सुरमई शोधणं. हे दादांना माहीत आहे. "नसेल, पण असता तर ऐकू आला असता, अशी सोय पाहिजे," ते म्हणतात.

ड्रायव्हर आणायला दादा लॅमिंग्टन रोडला गेले, तेव्हा मला बरोबर नेलं होतं. पनवेलहून हार्बर लोकल, कुर्ल्याला बदल, दादरला पुन्हा बदल, मग ग्रँट रोड. दुकानदारानं गिऱ्हाईक ओळखल्याच्या थाटात विचारलं, "कितने वॉट का?" दादांनी उलट विचारलं, "क्यूटीएस कितना है?" दुकानदार क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "बेस एकदम मस्त देगा, साब." दादांनी तिथंच, हातगाड्या चुकवणाऱ्या गर्दीच्या साक्षीनं, वॉट या गोष्टीची पूजा बांधली. शंभराचे दोनशे वॉट केले तर वाढ फक्त ३ डेसिबलची. कानाला दुप्पट वाटायला वीज दहापट लागते. मग वॉट विचारून काय उपयोग? विचारायचं ते थील आणि स्मॉल यांना. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात पेटीचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते पुरं केलं. ड्रायव्हर कुठल्या स्वराला आपणहून डोलतो, त्याला आवर किती, तो किती लिटर हवेएवढा लवचिक, हे तीन आकडे मिळाले की पेटी कागदावरच वाजवता येते. आवराचा तो आकडा, क्यूटीएस, साधारण ०.४ च्या खाली असेल तर पेटीला पाईप बसवावा. त्याच्या वर असेल तर पेटी सरळ बंद ठेवावी. दुकानदारानं हे सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. त्या चहावर दादांनी १४,००० मोजले.

खोक्यावर एकही आकडा छापलेला नव्हता. दादांना उलट आनंदच झाला. एक रेझिस्टर, एक मल्टिमीटर आणि मोबाईलमधून निघणारा भोंगा, एवढ्यावर त्यांनी ड्रायव्हरचा मूळ स्वर शोधला. मग शंकूवर वजन ठेवून तो स्वर किती उतरतो ते पाहायचं होतं. त्यासाठी पाच रुपयांची नाणी त्यांनी पनवेलच्या सोनाराकडून तोलून आणली. सोनारानं विचारलं, "मोडायचीत का?" दादा म्हणाले, "नाही, चिकटवायचीत." तेव्हापासून ते पेढीत शिरले की सोनार उठून उभा राहतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हा एवढा पारखलेला, मोजलेला ड्रायव्हर आज कशात बसवलेला आहे? यार्डात मोडीत निघालेल्या एका लाकडी खोक्यात. 'तात्पुरती पेटी' असं तिचं नाव. तिच्यावर काचेच्या पेल्याचं चित्र आणि वर दाखवणारे दोन बाण आहेत; पेटी आडवी ठेवल्यामुळं बाण वहिनींच्या फ्रिजकडं दाखवतात. फटींतून हवा अशी शीळ घालते की बारा इंची वूफर आपला बासरी वाजवतोय असं वाटावं. अर्धा सबवूफर म्हणजे पेटीच असते, हे वाक्य मी दादांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

पेटी ठेवायची कुठं, हाही एक सोहळाच. दहा बाय बारा फुटांची खोली. त्यातल्या बारा फूट अंतरावरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमतो. काही जागी तो दुणावतो, काही जागी गडप होतो. योग्य कोपरा शोधायची जगभर मान्य असलेली रीत अशी: वूफर ठेवायचा आपल्या बसायच्या जागी, आणि आपण जमिनीवर रांगत जाऊन कुठं ऐकू येतो ते पाहायचं. दादा सोफ्यावर वूफर बसवून खोलीभर रांगत होते, तेव्हाच वहिनींच्या माहेरची मंडळी आली. सगळ्यांत चांगला आवाज देवघराखालच्या कोपऱ्यात निघाला. त्या जागेबद्दल वहिनींनी एक शब्दही काढला नाही. त्यांनी नुसतं पाहिलं. वूफर दुसऱ्या क्रमांकाच्या कोपऱ्यात गेला.

पण वहिनी नसत्या तर दादांचं काही खरं नव्हतं. दादा खालपासून वरपर्यंत स्वर सोडतात आणि वहिनी स्वयंपाकघरातून अहवाल देतात. "अहो, आता वाट्या वाजल्या." दादा लिहितात: ५०. "डब्याचं झाकण!" ६३. "कुकरची शिट्टी थरथरतेय." ८०. एवढी अचूक यंत्रणा बाजारात विकत घ्यायला दादांना तिसरं पान लाल करावं लागलं असतं.

हे झालं दादांच्या स्वतःच्या वूफरचं. दुसऱ्याचा वूफर असला की हाच माणूस ओळखू येत नाही. गावातल्या एका मास्तरांनी त्यांच्याकडं सल्ला मागितला. बजेट १२,०००, आवड भजनाची आणि सिनेमाची. दादांनी कसलाही पाल्हाळ लावला नाही. "मास्तर, आधी पेटीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकीट बाईंकडं द्या. ड्रायव्हर दहा इंची, एकूण पैशाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायचं नाही. पेटी बंद करा. बंद पेटीत चार लिटर इकडचे तिकडं झाले तरी ती पोटात घालते. पाईपाच्या पेटीत गणित चुकलं की गोंगाट. ३५ हर्ट्झ मिळाले तर पुष्कळ. तुमच्या पखवाजाला त्याच्या खाली काम नाही." मास्तरांनी जरा भीत भीत विचारलं, "बारा इंची घेतला तर?" दादा कडाडले, "कशाला? पैसे वर आलेत?" सुतारानं आतला आडवा टेकू गाळायचा बेत केला, "आतलं कोण बघतंय?" म्हणाला. दादांनी त्याला पुन्हा पेटी खोलायला लावली. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड, प्रत्येक सांध्याला फेव्हिकॉल आणि स्क्रू, एकाही फटीतून उदबत्तीचा धूर बाहेर येईना. मास्तरांचा वूफर ११,६५० रुपयांत पुरा झाला. उरलेले ३५० दादांनी त्यांना मोजून परत करायला लावले, पाकिटातले बाईंना.

हळदींना डीजे वाजवणारा एक पोरगा आहे. त्याचा आणि दादांचा जाहीर वाद. आगरी हळदीच्या मांडवात तो अठरा इंची जोड्या लावतो, पन्नास-साठ हर्ट्झचा ठोका मैदानाच्या टोकाला पोचवतो. "तुझी बास छातीत बसते, पोटात उतरत नाही," दादा म्हणतात. "दादा, नाचाला पोटात कशाला उतरवायची? जेवून आलेत सगळे." रात्रीचे दहा वाजले की लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या नियमांतला दंडक दादा त्याला दर लग्नसराईत ऐकवतात. पण त्याच पोराला घरी साठ लिटरची पाईपवाली पेटी करायची होती, तेव्हा ३० हर्ट्झसाठी चार इंची पीव्हीसी पाईप ३६ सेंटिमीटर लागेल हे दादांनीच काढून दिलं. पेटी ४२ सेंटिमीटर खोल. पाईप मागच्या भिंतीला नाक लावून बसला. पोरानं नळाच्या दुकानातून एल्बो आणला आणि पाईप आत वळवला. दादांनी त्या एल्बोकडं बराच वेळ आदरानं पाहिलं. वाद तेवढ्यापुरता मिटला.

पळस्पे ते इंदापूर हा गोवा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा तुकडा २०११ च्या सुमारास चौपदरी करायला घेतला. दादांच्या वहीचं पहिलं पानही त्याच सालचं. आधी काय पुरं होणार यावर फाट्यावर मिसळीच्या पैजा लागत. रस्त्यावर पैसे लावणाऱ्यांना निदान आशा तरी होती.

माझा निवाडा असा. दादांना अक्कल कमी नाही. ती स्वतःच्या पैशाला लागू होत नाही, एवढंच. दुसऱ्याचा वूफर त्यांच्या लेखी वस्तू आहे, स्वतःचा वूफर हा संसार आहे, आणि संसार कुणी अंदाजपत्रकात बसवलाय? तेव्हा तुम्हाला घरी सबवूफर बांधायचा असेल तर खुशाल पळस्प्याला या. खिशात किती आहेत ते खरं सांगा, खोलीची लांबी-रुंदी मोजून आणा, पेटीचे पैसे आधी बाजूला काढा. दादा तुम्हाला एक रुपया जास्त खर्चू देणार नाहीत. फक्त निघताना "तुमचा कधी होणार?" असं विचारू नका. विचारलंत तर रात्रीचं जेवण तिथंच होईल, आणि वहिनींना आयत्या वेळी चार पोळ्या जास्त लाटाव्या लागतील.