हायक्रॉसचं पक्षांतर

टोयोटाने नोव्हेंबर 2022 मध्ये भारतात दाखवलेल्या इनोव्हा हायक्रॉसने शिडीसारखी चौकट, मागच्या चाकांची ताकद आणि डिझेल इंजिन, तिन्ही एकदम सोडले. आता एकसंध सांगाडा, ताकद पुढच्या चाकांना आणि 2 लिटर पेट्रोलच्या जोडीला, वरच्या प्रकारांत, हायब्रिड मोटर. नांदेड-लातूरकडे हे पक्षांतरापेक्षा गंभीर मानले गेले. पक्षांतराची निदान सवय तरी आहे.

रूपाबद्दल मतभेद नाहीत. रुंद जाळी, उंच बॉनेट, एसयूव्हीचा पुरता आव. वरच्या प्रकारांत भलेमोठे काचेचे छत मिळते. मे महिन्यात लातुरात पारा चाळिशीपार असताना त्याचा पडदा कुणी सरकवत नाही. छताचा खरा उपयोग मिरवणुकीत, हार घेण्यापुरता.

यंत्राची अडचण वेगळीच. हायब्रिडचे प्रमाणित मायलेज लिटरला 23.24 किलोमीटर, पण मंद वेगात गाडी विजेवर, जवळजवळ मुकाट चालते. साहेब दारात येऊन उभे राहतात आणि कार्यकर्त्यांना पत्ताच नसतो. डिझेलचा घरघराट हीच आगमनाची वर्दी होती, हे जपानी अभियंत्यांना कोण सांगणार?

शेवटी आधीची डिझेल इनोव्हा, म्हणजे क्रिस्टा, कंपनीने 2023 मध्ये पुन्हा विक्रीला आणली.