निर्जलवादी सेक्रेटरी

भाईंदरच्या नवघर रोडवरील एखाद्या जुन्या सोसायटीत, ज्या दिवशी नळ कोरडा जातो त्या दिवशी, जिन्याखालच्या कचेरीवजा खोलीत एक निवृत्त गृहस्थ हटकून बसलेले आढळतात. इमारतीगणिक त्यांचे नाव बदलले, तरी कानावरची पेन्सिल आणि टँकरवाल्याचा नंबर लिहिलेली वही ही राजचिन्हे सर्वत्र तीच. पाण्यावाचून जीवसृष्टी संभवते काय, हा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे अद्याप प्रलंबित आहे. आमच्या सेक्रेटरींनी मात्र तो गेल्या उन्हाळ्यातच निकालात काढला आणि निकाल अर्थातच सभासदांच्या विरुद्ध गेला.

कोणी रिकामी बादली घेऊन फिर्याद मांडली, की ते शनीच्या टायटन नामक उपग्रहाचा दाखला देतात. तेथे २००५ च्या जानेवारीत ह्यूजेन्स यान उतरले. तेथली सरोवरे मिथेनची, पाऊसही मिथेनचाच. आणि जीवाला पाणीच हवे असे नसून, रसायने विरघळवून त्यांची परस्परांशी गाठ घालून देणारा कोणताही द्रव कदाचित पुरेल, असे मानणारे विद्वान खरोखरच आहेत. मात्र उणे १७९ अंशांच्या त्या थंडीत रासायनिक क्रिया अतिमंद चालतात, अशी शंका मी काढली, तेव्हा सेक्रेटरींची मुद्रा प्रसन्न झाली. एका तक्रारीचे वाक्य पुरे व्हायला जेथे तीन पिढ्या लागतील, त्या प्रजेचा कारभार पाहण्याची त्यांची किती तयारी होती!

बोअरचे पाणी खारट लागते, असे म्हणण्याची तर सोयच नाही. भाईंदरच्या मिठागरांकडे बोट दाखवून ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांचे गुणगान आरंभतात, आणि तसल्याच जिवांनी २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी केले, हेही सुनावतात. हे जीव, खारट का होईना, पाण्यातच नांदतात, ही बाब ते गाळतात. पण सभेच्या इतिवृत्तातूनही ते असेच काहीबाही गाळत आले आहेत, तेव्हा त्यात दुष्ट हेतू नसून केवळ सवय असावी.

परवाच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो सेक्रेटरीसाहेब, त्या टायटनवर मिथेनची लाइन अर्धा इंची आहे की पाऊण?"

सेक्रेटरींनी प्रश्न वहीत उतरवून घेतला व समासात शेरा मारला: 'चौकशी करून पुढील सभेत ठेवणे.'