कोपराला हेल्मेट

११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन असतो. २०२१ पासूनची ही प्रथा. गाड्या बंद, गाणी सुरू, आणि पुणेकर चक्क रस्त्याच्या मधोमध चालतात. एरवी हा मान विसर्जन मिरवणुकीचा. फरक इतकाच, की मिरवणुकीत हातात झांजा असतात आणि पादचारी दिनाला कोपराला हेल्मेट.

हो, हेल्मेट. डोक्यावर घाला म्हटलं की या शहराची मान आखडते, केस गळतात, कानाला ऐकू येईनासं होतं. चालायचं ठरलं की मात्र ते हवंच. मंडईतून आलेल्या मावशींनी त्यात मटार ओतून घेतलेत. एका काकांनी तुळशीबागेतलं ताम्हन आणि पळी आत ठेवून वरून काच पाडली, तिजोरी बंद केल्यासारखी. एका कुटुंबात आईच्या कोपराला एक, बाबांच्या कोपराला एक आणि तिसरं लेकराच्या डोक्यावर, पट्टा आवळून. एकही वाहन नसलेल्या रस्त्यावर एवढं सुरक्षित पोर उभ्या महाराष्ट्रात सापडायचं नाही. गर्दीत दोन हेल्मेटं एकमेकांवर आपटली. लगेच दोन्ही पादचारी थांबले, ‘दिसत नाही का’पासून ‘लायसन कुणी दिलं’पर्यंत सगळं यथासांग झालं, मागच्यांची कोंडी झाली, आणि कुणीतरी सवयीनं तोंडानंच हॉर्न वाजवला. तिकडे अडथळ्यापाशी एक गृहस्थ हुज्जत घालत होते : ‘अहो, मी पादचारी दिनालाच आलोय. आत सोडा, गाडी आतच लावतो.’

आत सोडलं नाही. मग गाडी कुठे गेली? जिथे सगळ्यांच्या गेल्या तिथेच. बाजीराव रस्त्याच्या नि केळकर रस्त्याच्या फुटपाथवर, हँडलला हँडल लावून. म्हणजे इकडे चालण्याचा सोहळा, आणि शेजारच्या गल्लीतल्या आजी औषध आणायला निघाल्या तर त्यांना उतरावं लागलं बसच्या पुढ्यात! आणि उरलेले ३६४ दिवस? ज्या फुटपाथवर गाडी लावलेली नसते, तिथे ती चालवलेली असते. मागून येऊन हॉर्न मारतात. वळून पाहिलं तर हातानं ‘व्हा बाजूला’. अरे, बाजूला म्हणजे कुठे? साडीच्या दुकानात शिरू? फुटपाथवर चालणाऱ्यानं आरसे लावायचे का आता खांद्याला? काही बोलावं तर वर म्हणणार, ‘दोन मिनिटांचं तर काम आहे.’ परवा असाच एक आजींना म्हणाला, ‘रस्त्यानं चाला ना.’

आजी म्हणाल्या, ‘तिथूनच वर चढले रे. तिथे तुझ्यासारखाच एक म्हणाला, फुटपाथवरून चाला.’