वर्गणी ? ५०१

“काका, ‘रु.’ टाकतो की. सगळे तेच टाकतात,” डीटीपीवाला मुलगा म्हणाला, आणि त्यातला ‘सगळे’ हा शब्द माझ्या वर्मी लागला.

सोसायटीच्या गणपतीचं पावतीपुस्तक छापून आणायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. आमच्या इमारतीत युनिकोड कळणारा माणूस एकच, असं माझं मत. इमारतीचं मत कोणी विचारलेलं नाही. मी खुर्ची ओढली आणि त्या मुलाला ऐकवलं, की १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ₹ हे चिन्ह मंजूर केलं. पवईच्या आयआयटीत पीएच.डी. करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी ते काढलं. देवनागरी ‘र’ आणि दांडा नसलेला रोमन ‘आर’ एकात एक, वर आपली शिरोरेषा. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडनं त्याला हक्काचं घर दिलं. एवढ्या वेळात त्या मुलानं शेजारच्या खिडकीत एका लग्नपत्रिकेतलं ‘चि. सौ. कां.’ दुरुस्त करून टाकलं.

हे चिन्ह माझा जुना आजार आहे. ते आलं तेव्हा कुठल्याच कीबोर्डवर नव्हतं. मंगळूरच्या एका कंपनीनं झटपट फाँट काढला. त्यात टॅबच्या वरची, कधीच कोणी न दाबलेली कळ दाबली की रुपया उमटायचा. मी त्याच दिवशी फाँट उतरवून घेतला आणि ऑफिसात प्रवासखर्चाचं बिल पाठवलं. साहेबांच्या संगणकावर तो फाँट नव्हता. त्यांना प्रत्येक रकमेआधी एक तिरका ठिपका दिसला. “माशी बसली होती का हो स्क्रीनवर?” त्यांनी विचारलं. आता कंट्रोल, ऑल्ट आणि चार दाबले की माझ्याकडे रुपया येतो. पाहुण्यांसमोर मी तो विनाकारण काढून दाखवतो.

छापून आलेल्या पावत्यांवर मात्र होतं: ‘वर्गणी ? 501/-’.

मुलाचा दोष नव्हता. त्याचा फाँट २०१०च्या आधीचा. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेला. माझा मजकूर त्यात उतरवणाऱ्या कन्व्हर्टरला ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळं येत होतं. ₹ समोर आल्यावर त्यानं खांदे उडवले आणि प्रश्नचिन्ह टाकलं. ज्या चिन्हाच्या डोक्यावर देवनागरीची शिरोरेषा, त्याला देवनागरी फाँटातच बसायला पाट नाही, याचा मला खरंच राग येतो. फोनवरही बघा, कित्येकदा ते दुसऱ्याच फाँटातून उसनं आणलेलं असतं; मजकूर ठसठशीत आणि रुपया उपाशी.

प्रश्नचिन्हाचा परिणाम लगेच दिसला. “म्हणजे तुम्ही विचारताय ना?” दुसऱ्या मजल्यानं विचारलं आणि २५१ दिले.

‘रु.’चा मला तिटकारा का, तर तो माझ्या वडिलांचा, अण्णांचा. आणि अण्णांच्या त्या ‘/-’ शेपटीचा तर त्याहून जास्त. ही शेपटी मुळात साहेबाची. इंग्लंडात ‘५/-’ म्हणजे पाच शिलिंग, वर पेनी काही नाहीत. त्या तिरक्या रेघेला सॉलिडस म्हणतात, आणि सॉलिडस हे रोमन नाणं! १५ फेब्रुवारी १९७१ला साहेबानं शिलिंग मोडीत काढले, शेपटी सोडून दिली. आपल्याकडे ती आहेराच्या पाकिटावर, वाण्याच्या चिठ्ठीवर, चेकवर अजून वळवळते आहे. पुढे कोणी शून्य घुसवू नये म्हणून, असं अण्णा सांगत. कोण घुसवणार होतं? त्यांच्या हिशेबाच्या वहीला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती. १ एप्रिल १९५७ला आणे गेले, पण अण्णा साडेतीन रुपये ‘३॥’ असेच लिहीत राहिले. दोन दंड म्हणजे अर्धा; तेही आता टाइप करायला गेलं की श्लोक संपल्यासारखं वाटतं.

ते गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. एका पानावर ओळ आहे: ‘चि.स कॉम्प्युटर क्लासची फी रु. ९००/-’. खाली, वेगळ्या शाईत: ‘उसने’. कोणाकडून, ते लिहिलेलं नाही. मी तेव्हा क्लासला दांड्या मारत होतो. त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो.

असो. पावत्या उरल्या तीनशे. परत छापायला मंडळ पैसे देईना, म्हणून मी बॉलपेन घेऊन प्रत्येक प्रश्नचिन्हावर हातानं ₹ काढायला बसलो. “कंट्रोल-ऑल्ट-चार दाबून बघा ना,” बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

पहिली पावती घेऊन तळमजल्यावरच्या काकूंकडे गेलो. आकडे छापखान्यानं इंग्रजी टाकले होते. काकूंनी चष्मा वर केला, खाली केला.

“सात हजार पाचशे एक? अहो, गणपतीच बसवताय ना, की देऊळ बांधताय?”

माझा शिरोरेषेचा रुपया इंग्रजी सात झाला होता. मी घरी आलो, पेन उघडलं आणि उरलेल्या दोनशे नव्व्याण्णव पावत्यांवर त्या साताच्या डाव्या अंगाला, बारीक अक्षरात, ‘रु.’ लिहीत सुटलो. पन्नासाव्या पावतीच्या सुमारास उकार अण्णांसारखा यायला लागला.